कोपरा फाटलेलं पाकीट

पनवेल, १० जून १९६३, सोमवार

अनंताचं पत्र आलं. अठरा दिवसांनी. चिरंजीव तेलविहिरींचं काम शिकायला रुमानियात गेले त्याला सात महिने झाले, आणि आता कळतं की ते विहिरीवर नाहीतच. ओलानेश्त नावाच्या गावी झऱ्याचं पाणी पीत बसलेत. डाव्या कुशीत कळा येत होत्या, तपासलं तर मुतखडा. तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवडे पाणी प्यायला धाडलं. 'नाना, काळजीचं काही कारण नाही' हे वाक्य एका पानात दोनदा. एकदाच असतं तर विश्वास ठेवला असता.

नेहमीप्रमाणे आधी मी एकट्याने वाचलं. मग सौ. आणि सूनबाई समोर बसल्यावर मोठ्याने. 'दोन दिवस उभं राहता येईना' ही ओळ गाळली. आत मालतीसाठी वेगळी घडी होती, ती तिला दिली. ती घेऊन सूनबाई मागच्या दारी गेली. लग्नाला दीड वर्ष, त्यातले सात महिने नवरा रुमानियात. तिच्या घडीत काय असतं ते मी विचारत नाही. पण माझ्या नावाचं पाकीट मीच उघडणार, हा या घरचा नियम आहे आणि तो मोडलेला मला खपत नाही.

सौ. म्हणाली, "तुमच्या तोंडावरून दिसतंय, अजून काहीतरी आहे त्यात."

म्हटलं, "तोंड माझं आहे. पत्र त्याचं आहे."

११ जून

शाळेतून नकाशांचं पुस्तक मागून आणलं. रुमानिया सापडला, बुखारेस्त सापडलं. ओलानेश्त नाही. भिंग लावलं तरी नाही. ज्या गावाला नकाशात जागा नाही तिथे माझा मुलगा आजारी आहे.

१३ जून

अ.चं पत्र पुन्हा वाचलं. तिथे झऱ्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्याला चोवीस नंबरचा लावून दिलाय. सकाळी उपाशीपोटी, हातात पेला घेऊन, चालता चालता घोट घोट प्यायचं. काही झऱ्यांना गंधकाचा वास, काही खारट. सगळं गाव पेले घेऊन नदीकाठाने फिरत असतं म्हणे, कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नाही.

मी बत्तीस वर्षं मीठकचेरीत काढली. गव्हाणकडून उरणच्या वाटेला जेवढी मिठागरं आहेत तेवढ्यांच्या बांधांवरून चाललो. खारं पाणी उन्हात वाळवायचं एवढंच आम्हाला ठाऊक. ते प्यायला डॉक्टर चिठ्ठी देतो हे म्हात्रेला सांगितलं. म्हात्रे आमचा पोस्टमन, गव्हाणचा. तो म्हणाला, "मंग आमचे गावान कोनी आजारीच पडला नसता, नाना."

त्याचा खरा डोळा तिकिटावर. त्याच्या घरी पत्र्याची पेटी आहे, तिच्या झाकणाला आतून परदेशची तिकिटं चिकटवलेली. वाड्यावस्त्यांतून जमवलेली, कोणाची आफ्रिकेची, कोणाची बसऱ्याची. रुमानिया कोणाकडे नाही. अ.च्या पाकिटावरचं तिकीट मी बशीभर पाण्यात भिजवून, कडेचे दातेसुद्धा न दुखवता सोडवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला देतो. फाडाफाडी मला आवडत नाही.

१७ जून

सौ.ने वैद्याकडून गोखरू आणले, घरातले कुळीथ निवडले, दोन्ही फडक्यात शिवले. पार्सल करा म्हणते. म्हटलं, तिकडचे सरकारी लोक उघडून बघतील आणि विचारतील, हिंदुस्थानातून घोड्यांसाठी खाणं कोणी पाठवलं?

"हसा तुम्ही. तुमचा खडा कशाने पडला होता? नंबराच्या झऱ्याने?"

यावर मी गप्प. आणि मी गप्प म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. अ. लहानपणी उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "नाना, गाढी नदीवर पोहायला जाऊ?" मी मान वर न करता लिहीत राहायचो. तो थोडा वेळ थांबायचा, मग धूम. पुढे कॉलेज, नोकरी, रुमानियाला जाणं, सगळं असंच ठरलं. तोंडाने हो म्हटल्याचं मला आठवत नाही. पार्सल उद्या जाईल.

२५ जून, मंगळवार

पत्र. चांगलं, लांबलचक. बरं वाटत असलं पाहिजे, नाहीतर माणूस एवढं लिहीत नाही.

जवळपासच्या डोंगरात जुने मठ आहेत, तीनतीनशे वर्षांचे. एक बघायला घोडागाडीतून गेला होता. सगळ्या साध्वी, काळ्या वस्त्रांतल्या. पूजेची वेळ झाली की एकजण लाकडाची लांब फळी खांद्यावर धरते आणि हातोडीने ती वाजवत देवळाला प्रदक्षिणा घालते. अ. म्हणतो, सुताराने देवाला हाक मारावी तसं वाटतं. भिंतींवर चित्रं. दारावर आगीची नदी काढली आहे आणि तिच्यातून पापी लोक वाहत चाललेत. 'नाना, त्यात एकाच्या हातात कागदाची गुंडाळी होती. कारकून असावा. तुमची आठवण झाली.' गाढव.

पुढचं मात्र सौ.ला आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. दारापाशी मेणबत्त्या लावायला वाळूच्या दोन पेट्या असतात. याने आईच्या, माझ्या आणि मालतीच्या नावाने तीन मेणबत्त्या डावीकडच्या पेटीत खोचल्या. एक म्हातारी साध्वी हात हलवत, झगा सावरत धावत आली. तिन्ही उपटल्या, उजवीकडे लावल्या, याच्या पाठीवर थोपटलं. मागून कळलं, डावीकडची पेटी मेलेल्यांसाठी आणि उजवीकडची जिवंतांसाठी.

हसत हसतच वाचून दाखवलं. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर ते मांजराच्या कामाला गेलं, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. तरी त्या साखरेतली चिमूटभर मागून घेतली.

३ जुलै

काही नाही. पाऊस. धोतरं वाळत नाहीत.

९ जुलै, मंगळवार

पत्र. अर्धं पानच. ओळी उजवीकडे खाली घसरत गेल्यात. हे अ.चं अक्षर नव्हे, म्हणजे त्याचंच आहे, पण लोळत लिहिलेलं. तीन आठवडे झाले, खडा हलला नाही. मधूनमधून ताप येतो. लघवीवाटे रक्त. 'बुखारेस्तच्या मोठ्या इस्पितळात नेतील असं दिसतं. तिथला पत्ता कळवतो.'

वाचून दाखवताना यातली एकही ओळ वाचली नाही. हवा छान आहे, झाडं उंच आहेत, साध्वी भेटली होती, असं काहीतरी घातलं.

मालती म्हणाली, "मामंजी, हवेचं तुम्ही मागच्या पत्रातही वाचलं होतं."

तिच्या घडीत काय लिहिलं होतं कोण जाणे. तिने आमटीत दोनदा मीठ घातलं. तशीच भाताशी कालवून जेवलो. मला भीती वाटते आहे. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे म्हणायची सोय नाही.

१६ जुलै

म्हात्रे गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी खुर्चीतून उठतो. आधी तो लांबूनच हसून मान हलवायचा. आता पायांकडे बघत जातो.

२२ जुलै, सोमवार

तेरा दिवस झाले. श्रावण लागला. कर्नाळ्याचा सुळका आठवडाभर ढगात आहे. खिडकीत बसून तिकडे बघण्यापलीकडे काम नाही.

आज वडिलांच्या मरणाचं कार्ड आठवलं. तेव्हा मी नोकरीनिमित्त उरणला होतो. चुलत्यांनी रीतीप्रमाणे कार्डाचा एक कोपरा फाडून टपालात टाकलं होतं. तो फाटका कोपरा पोस्टमनच्या हातात दिसला आणि अक्षर वाचायच्या आत सगळं कळलं. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिने ते घरात आणू दिलं नाही. अंगणातच वाचलं, तिथेच फाडलं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचलं, कळलं, की सुतक सुरू.

म्हणून हल्ली म्हात्रेच्या हाताकडे आधी बघतो. चारही कोपरे.

२६ जुलै

मंगळवारी सूनबाईची मंगळागौर. दुसरं वर्ष. शेजारच्या साठ्यांच्या माडीवर रोज दुपारी बायकांचा फुगड्यांचा सराव. सौ. गुडघे धरून का होईना, जाते. मालती आधी नको म्हणत होती, मग गेली. वरून हसण्याचा आवाज येतो, त्यात तिचा ओळखू येतो.

२९ जुलै, सोमवार

हे लिहू की नको.

वाचनालयातून चारच्या सुमारास परत आलो. दोघी साठ्यांकडे. घर उघडंच. टेबलावर माझ्या चष्म्याच्या डबीखाली पाकीट. निळं, परदेशचं. उजवा कोपरा फाटलेला. कातरलेला नाही, हाताने टरकावलेला.

किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. पाकीट उलटं केलं, का ते माहीत नाही. पत्ता कोणाच्या अक्षरात आहे ते बघितलं नाही. बघवलं नाही. उद्या मंगळागौर. वर मालती हसत होती.

मनात एकच आलं. वाचलं की कळलं, कळलं की सुतक. उद्या तिला हळदीकुंकू लावायचं नाही, तिने लावून घ्यायचं नाही. नाही वाचलं तर नाही कळलं. आणि असलं पत्र घरात ठेवायचं नसतं. शेगडीत दुपारच्या चहाचे निखारे होते. वर ठेवलं. जाड होतं, लवकर पेटेना, फुंकर घालावी लागली. मी फुंकर घातली.

राख चुलीत टाकून हात धुतो तोवर दोघी आल्या. सौ.ने पदराने घाम पुसत विचारलं, "काय म्हणतोय? पत्र आलंय ना?"

तिला पाकीट दिसलं होतं, कोपरा दिसला नसावा. इंग्रजी पत्त्याचं पाकीट, तेही तिने चष्म्याशिवाय पाहिलेलं. देवाने वाचवलं, असं वाटलं.

म्हटलं, "ठीक आहे. पाणी मानवलं. दाखवतो नंतर, चष्मा बघा कुठे गेला."

"आणि माझी?" मालती म्हणाली.

"या वेळी नाही."

"घडी नाही?"

"घाईत लिहिलंय त्याने."

 ती परडीतली मंगळागौरीची पत्री निवडत बसली.

३० जुलै, मंगळवार

मंगळागौर झाली. घरात पंचवीस बायका. मी ओटीवर.

मालती हिरवं लुगडं नेसली होती. मला वाकून नमस्कार केला. नेहमी 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणतो, कधी विचारही केला नाही या शब्दांचा. आज जीभ उचलेना. खोकल्याचं निमित्त केलं.

सगळ्यांनी आग्रह केला, उखाणा घे. तिने अनंताचं नाव घेतलं, त्यात चोवीस नंबरचा झरा घातला होता. बायका खदखदून हसल्या. सौ. सर्वांत जास्त. मी उठून तळ्यावर गेलो.

मला वाटलं होतं मी तिला एक दिवस देतो आहे. खरं म्हणजे मी मला देत होतो.

१ ऑगस्ट

पूजा करू की नको? कळलं असेल तर मी सुतकात, देवाला शिवायचं नाही. कळलं नसेल तर रोजच्यासारखी केली पाहिजे. नाही केली तर सौ. विचारणार. केली. गंध उगाळताना चंदनाचं खोड हातातून निसटलं.

जन्मभर लोकांना शास्त्र कसं भाकड आहे ते सांगितलं. आता त्याच शास्त्राच्या फटीत लपून बसलोय.

४ ऑगस्ट, रविवार

कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेची गडबड. खाडीकडून ताशे ऐकू येतात. म्हात्रे रजेवर गव्हाणला गेलाय, गेल्या मंगळवारपासूनच. बदलीचा पोस्टमन दारासमोरून सायकल न थांबवता जातो.

सौ. रोज विचारते, ते पत्र वाचून दाखवा. मी म्हणतो, ठेवलंय कुठे सापडत नाही. कागद न कागद जागच्या जागी ठेवणारा मी. तिला हे पटत नाही. मालती हल्ली माझ्या ताटात वाढताना माझ्याकडे बघत नाही.

श्रावण संपला की सांगायचं. असं रोज ठरवतो. आज पुन्हा ठरवलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

म्हात्रे आला. पत्र नाही, सोललेले दोन नारळ घेऊन. ओटीवर टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला,

"नाना, त्यो तिकीट लय बेस हाय. लाल फुलांचा. पेटीला लावला मी."

"कुठलं तिकीट?"

"मी रजेवर निंगालो ना, त्या दिशी. तुमी नव्हते घरान. वयनींना बोललो, उद्यापून मी नाय, आज तिकीट मिलंल काय? तं त्यांनी हातानंच फाडून दिला. बोलल्या, नानांना नको सांगू, वरडतील. जरा कोपरा पन आला त्याचेबरोबर."

मी त्याचा हात धरला. तो घाबरला. मी हसत होतो की रडत होतो मला कळलं नाही. त्याला दोन पेढे दिले, मग आणखी दोन दिले. सौ. आतून बाहेर आली, तिकिटाबद्दल मी ओरडतो की काय म्हणून दारातच थांबली. ओरडलो नाही. तिच्याकडे बघतच राहिलो. तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. नारळ चांगले आहेत."

अनंता आहे. होता, निदान पत्र टाकलं तेव्हा. हे 'निदान' संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी सुचलं. जाड पाकीट होतं. एवढं काय लिहिलं होतं त्याने? नवा पत्ता त्यात असणार. मालतीची घडी त्यात असणार. मी फुंकर घालून जाळलं.

तिथे चुकीच्या पेटीत मेणबत्ती लावली तर एक म्हातारी धावत आली आणि उचलून योग्य जागी लावून गेली. इथे चार वाजता घरात कोणी नव्हतं.

९ ऑगस्ट

ओलानेश्तच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. 'तुझं गेलं पत्र पावसात भिजलं, एक अक्षर लागलं नाही, सगळं पुन्हा लिही.' मुलालाही खोटंच सांगितलं. तारही केली. तिथे नसला तर पुढे पाठवतील का? पोस्टात विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, गावाचं स्पेलिंग एकदा नीट बघून घ्या. तिसऱ्यांदा लिहून दिलं.

घरात अजून सांगितलेलं नाही. आता तर सांगणं आणखी कठीण. मुलगा मेला समजून पत्र जाळलं, हे एखाद वेळ माफ होईल. न वाचता जाळलं, हे कसं सांगू?

१३ ऑगस्ट

काही नाही.

१४ ऑगस्ट

काही नाही. सौ. म्हणते, तुम्ही जेवत का नाही?

१७ ऑगस्ट, शनिवार

पत्र. सहा तारखेचं, बुखारेस्तहून. अ.चंच अक्षर. चारही कोपरे शाबूत. उघडताना म्हात्रेनेच पाकीट धरलं.

इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला पुन्हा विसरल्याचं सोंग करता येणार नाही.

'ती. नानांस सा. न. मागच्या पत्रावर तुमच्या तारेची वाट पाहत होतो. डॉक्टर अजून म्हणतात तेच, डावं मूत्रपिंड निकामी झालंय, काढलंच पाहिजे. जोखीम आहे हे ते लपवत नाहीत. इथे दुसऱ्या एका डॉक्टरांचं म्हणणं, आणखी दोन महिने थांबून बघावं, घरी जाऊन करावं. माझं मन ठरत नव्हतं म्हणून तुम्हाला विचारलं होतं, करू की परत येऊ. तुम्ही म्हणाल तसं. उत्तर आलं नाही. काल हसू आलं, लहानपणचं उंबऱ्यातलं उभं राहणं आठवलं. नाना बोलले नाहीत म्हणजे हो. तेच समजून सही केली आहे. १४ तारखेला सकाळी.'

आज सतरा आहे.

१४ तारखेला मी इथे लिहिलंय, 'काही नाही.'

१७ ऑगस्ट, संध्याकाळी

सांगितलं. दोघींना समोर बसवून, पत्र मोठ्याने वाचून, एकही ओळ न गाळता. मग टेबल, डबी, कोपरा, शेगडी. सगळं.

सौ.चा रंग उडाला. पहिल्यांदा म्हणाली, "मीच फाडला तो कोपरा." मग म्हणाली, "मला विचारायचं होतंत. एक शब्द." मग तोंडाला पदर लावला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

मालती भिंतीकडे बघत म्हणाली,

"म्हणजे माझी घडी होती त्यात."

"असणार."

"असणार?"

"मी उघडलंच नाही, मालती."

तिने आजच्या पाकिटातली तिची घडी उचलली. ती आज घेऊन मागच्या दारी गेली नाही. तिथेच उघडून, माझ्यासमोर वाचली. मग घडी करून म्हणाली, "त्यांनी विचारलंय की मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर का दिलं नाही. कोणता प्रश्न, ते लिहिलेलं नाही."

आणि उठून दिवा लावायला गेली.

१८ ऑगस्ट

इस्पितळाच्या पत्त्यावर जवाबी तार. रविवार, तरी पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन विनंती केली. फॉर्मवर काय लिहायचं ते सुचेना. संमती? चार दिवस उशिरा? शेवटी एवढंच लिहिलं, 'आम्ही सर्व वाट पाहतो. आशीर्वाद. कळवा.' मालतीने माझ्या हातातून टाक घेतला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

२० ऑगस्ट

जवाब नाही. पोस्टात तीनदा गेलो. तिसऱ्यांदा सौ.ही बरोबर आली. ती अशी माझ्याबरोबर रस्त्याने चालल्याला किती वर्षं झाली असतील.

२४ ऑगस्ट

गणपती दीड दिवसाचेच केले. आरती साठ्यांनी म्हटली.

जवाब नाही. तार पोचली नसेल. पोचली असेल आणि उत्तर द्यायला कोणी नसेल. किंवा त्यांना आमची भाषा येत नसेल, आम्हाला त्यांची. कारणं शोधण्यात मी पटाईत आहे. रोज नवी चार सापडतात, मग पाचवं मनात येतं आणि चारही पुसून टाकतं.

काल मालतीने विचारलं, "ती फळी वाजवणारी बाई, ती रोज वाजवत असेल ना?" म्हटलं, "रोज." "मग आजही वाजवली असेल." एवढंच बोलणं झालं. पण झालं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

अकरा वाजता म्हात्रे. आज तो ओटीखाली थांबला नाही. चपला काढून वर आला.

निळं पाकीट. पातळ नाही, जाड नाही. चारही कोपरे जागच्या जागी, तिकीट जागच्या जागी, यावेळी हिरवं आहे, देवळाचं चित्र. पत्ता अनंताच्या अक्षरात नाही. गोल, मोठं, बायकी वळणाचं अक्षर, पनवेलचं स्पेलिंग चुकलेलं. माझंच नाव.

म्हात्रेने तिकिटाकडे पाहिलंही नाही. म्हटलं, "सोडवून ठेवतो, उद्या ने."

"नको, नाना. ऱ्हाऊदे ते तसाच." आणि ओटीच्या खांबाला टेकून बसला. त्याच्या पिशवीत अजून निम्म्या गावचं टपाल होतं.

सौ. आणि सूनबाई आतून आल्या. पाकीट माझ्या हातात होतं. मालतीने हात पुढे केला नाही. उंबऱ्यात उभी राहून, अनंता राहायचा तिथेच, तिने विचारलं, "मामंजी, मी उघडू?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थांबली होती.

"हो," म्हणालो. मोठ्याने. "उघड."

ती पाकीट घेऊन मागच्या दारी गेली, सौ. तिच्यामागून. हाताला काहीतरी हवं म्हणून हे लिहितो आहे. म्हात्रे माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. पाकीट उघडल्याचा आवाज झाला. त्याला बराच वेळ झाला. आतून अजून काही ऐकू येत नाही.